वॉर्डातला ‘रन’ आणि चार पानांची यादी

पत्र

ताई, मी मराठी माध्यमातून दहावी-बारावी केली, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. आता पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. औषधांची, आजारांची इंग्रजी नावं मला पाठ आहेत, तिथे अडत नाही. अडतं ते साध्या शब्दांत. गेल्या महिन्यात राउंडला सर म्हणाले, ‘सिस्टर, रन धिस ओव्हर फोर अवर्स.’ मला वाटलं, सलाईन चार तासांनंतर लावायचंय. मी बाटली ट्रेमध्ये ठेवून दिली. सीनिअर सिस्टरांचं वेळेत लक्ष गेलं म्हणून निभावलं, पण त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘एवढं साधं इंग्लिश कळत नाही?’ त्या रात्री डिक्शनरीत ‘रन’ काढून बसले. अर्थ संपेचनात. वहीची चार पानं भरली तरी पुष्कळ राहिलेत. रात्री पाठ करते आणि सकाळी विसरते. हे सगळे अर्थ लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का? की माझ्यासारखीने गावाकडे एखाद्या छोट्या दवाखान्यात नोकरी धरावी? आणि कोणती डिक्शनरी घेऊ, तेही सांगा.

— एक सिस्टर, पुणे

उत्तर

प्रिय सिस्टर,

पाठांतर आजपासून बंद कर. वही राहू दे, तिचं काय करायचं ते पुढे सांगते. पण रोज रात्री अर्थांचे पाढे म्हणणं थांबव, कारण तू जे काम अंगावर घेतलंयस ते कुणाच्याच आवाक्यातलं नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही नाही.

ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १९२८ साली पहिल्यांदा पुरा झाला. १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे कोशाची नव्याने फेरतपासणी सुरू झाली आणि तो मान ‘रन’कडे गेला. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका क्रियापदावर जवळपास नऊ महिने काम करत होते. शेवटी त्याचे अर्थ भरले ६४५. नाम म्हणून जो ‘रन’ वापरतात, तो यात धरलेलाच नाही. शब्दांची छाननी हाच ज्यांचा पेशा, त्यांना नऊ महिने लागले आणि तू ते ड्यूटीवरून आल्यावर, थकल्या डोळ्यांनी, चार रात्रींत करायला निघालीस. जमलं नाही म्हणून स्वतःला नावं ठेवू नकोस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. औषधांच्या नावांत अडत नाही, साध्या शब्दांत अडतं. हे तू कमीपणाने लिहिलंयस, पण भाषेचा स्वभावच असा आहे. ‘हायपोग्लायसेमिया’ हा शब्द घे. रक्तातली साखर उतरणं, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकात तोच, परीक्षेत तोच, लंडनला तोच, लातूरला तोच. एकदा शिकलीस की जन्माची चिंता मिटली. ‘थ्रोम्बोफ्लेबायटिस’ उच्चारायला कितीही अवघड असला तरी तो नेहमी शीर सुजून तिथे गुठळी झाल्याबद्दलच बोलतो. रन, सेट, गेट, पुट, टेक यांचं तसं नाही. हे दिवसभर सगळ्यांच्या हाताखाली राबणारे शब्द. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली आकडेवारीनिशी दाखवलं होतं की जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. तेव्हा तू जे अवघड म्हणून शिकलीस ते सोपं होतं आणि सोपं म्हणून जे कुणी शिकवलंच नाही ते अवघड निघालं. जीएनएमच्या तीन वर्षांत तुम्हाला इंग्रजीचा विषय असतो, पण ‘रन’ शिकवायला हवा असं फारसं कुणाला वाटत नाही. सगळे गृहीत धरतात की तो पाचवीतच येऊन गेला. मी नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवलंय आणि या गृहीताचा त्रास वर्गात बसलेल्या चांगल्या चांगल्या मुलींना होताना पाहिलाय.

आता जरा आपल्या भाषेकडे बघ. तुझ्याच वॉर्डातली आजी पहाटे म्हणते, ‘आत्ता कुठे जरा डोळा लागला होता, बाई.’ तुझ्या शेजारी केरळहून आलेली सिस्टर उभी असेल आणि तिचं मराठी अजून कच्चं असेल, तर तिला काय वाटेल? ‘लागणं’ म्हणजे इजा होणं, हे तिने शिकलेलं असतं. ती टॉर्च घेऊन आजीचा डोळा तपासायला जाईल. त्याच सकाळी तिच्या कानावर काय काय पडतं ते बघ. पेशंटला धाप लागली. उचकी लागली. जुलाब लागले. भूक लागत नाही. जेवण कडू लागतं. सलाईन लागलं का? रक्त लागेल. डिस्चार्जला अजून किती दिवस लागतील? रिपोर्ट लागला का फाइलला? आजोबा तुमचे कोण लागतात? औषध लागू पडलं. रडायला लागली. आणि दाराशी कुणीतरी फोन कानाला धरून ओरडत असतं, ‘लागला, लागला!’

यातलं एकही वाक्य कळायला तुला क्षणभर थांबावं लागत नाही. ‘लागणे’चे अर्थ मोजून सांग म्हटलं तर तुला सांगताही येणार नाहीत, कारण तू अर्थ शिकलीच नव्हतीस. तू ‘भूक लागली’ शिकलीस, ‘ठेच लागली’ शिकलीस, ‘मामा लागतो’ शिकलीस. शब्द सुटा कधी भेटलाच नाही, दर वेळी कुणाचा तरी हात धरून आला. जे. आर. फर्थ हे इंग्लंडमधले भाषाशास्त्रज्ञ. तरुणपणी ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्यांनी १९५७ साली लिहून ठेवलंय की शब्दाची ओळख तो कुणाच्या संगतीत वावरतो त्यावरून पटते. तुझ्या चार पानांत नेमकी संगतच नाही. तिथे एका बाजूला ‘रन’ आहे आणि दुसऱ्या बाजूला धावणे, वाहणे, चालवणे, पसरणे, लढवणे अशी रांग. असली रांग कुणाच्याच डोक्यात टिकत नाही.

म्हणून ‘रन’ मी तुला तुझ्याच वॉर्डातून दाखवते. आधी एक गोष्ट मनातून काढायला हवी. ‘रन’चा खरा अर्थ धावणे आणि बाकीचे त्याला चिकटवलेले, असं आपण समजतो. शाळेत ‘द बॉय रन्स’ पहिल्यांदा येतं आणि मग क्रिकेट आहेच. पण हा शब्द जुन्या इंग्रजीत होता तेव्हापासून माणूस धावतो तसं पाणीही ‘रन’ होत आलंय. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ ‘रिनेन’ तर आजही झिरपणं, ओघळणं, वाहणं यासाठीच वापरतात. तेव्हा ‘रन’ ऐकलास की डोळ्यांपुढे पळणारा मुलगा आणू नकोस, वाहती धार आण. न तुटता पुढे पुढे जाणारं काहीतरी. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की वॉर्डातले निम्मे ‘रन’ आपोआप उलगडतील.

‘रनी नोज’ म्हणजे वाहतं नाक, हे तुला माहीतच असेल. त्याच घरातलं पुढचं वाक्य म्हणजे ‘व्हॉट्स रनिंग?’ राउंडला सर स्टँडकडे बघत हे विचारतात तेव्हा त्यांना आत्ता कोणतं सलाईन चालू आहे ते हवं असतं. उत्तर एनएस (नॉर्मल सलाईन), आरएल (रिंगर लॅक्टेट) जे असेल ते. ‘रन इट स्लोली’ म्हणजे हळू जाऊ दे. ‘रन इट वाइड ओपन’ म्हणजे नळीवरचा रोलर पूर्ण उघडा सोड. या दोन वाक्यांतला फरक पेशंटच्या जिवावर बेतू शकतो. पोटॅशियम घातलेली बाटली भरभर गेली तर हृदयाची लय बिघडते, हे तू शिकली आहेस. पुढेमागे परदेशी जायचा विचार केलास तर तिथला पेशंट लाजत म्हणेल, ‘आय हॅव द रन्स, नर्स.’ आपण ज्याला इथे ‘लूज मोशन’ म्हणतो, तेच ते. जुलाब. यातही धारच आहे.

आपण सलाईन ‘चढवतो’, इंग्रजीत ते ‘रन’ होतं. आपलं दुकान, घड्याळ, संसार, खटला, पंखा हे सगळं ‘चालतं’, इंग्रजीत ‘रन’ होतं. हा दुसरा मोठा गट. इंग्लंडमध्ये आधी यंत्रं आली, मग आगगाडी, मग कॉम्प्युटर. या सगळ्याला चालायला एक क्रियापद हवं होतं आणि ते ‘रन’ला मिळालं. गिलिव्हर यांनी ज्या अर्थांची मोजदाद केली, त्यांतले कितीतरी या यंत्रयुगातले आहेत. ‘सॅम्पल रन झालं का?’ असं आपली लॅबवाली मंडळी मराठीतच विचारतात, म्हणजे मशीनमधून काढलं का. ‘हू इज रनिंग द वॉर्ड टुनाइट?’ म्हणजे आज रात्री वॉर्ड कुणाच्या ताब्यात आहे. इथे मराठी करताना ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ घालून बघ, बहुतेक वेळा अर्थ बसतो.

आता जो ‘रन’ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्याकडे शिकवणाऱ्यांचंही लक्ष जात नाही, त्याच्यापाशी थोडं थांबू. ‘हर बीपी इज लो’ आणि ‘हर बीपी इज रनिंग लो’. वहीत तू दोन्हींपुढे ‘बीपी कमी आहे’ असंच लिहिशील. पण बोलणारा दोन वेगळ्या गोष्टी सांगतोय. पहिल्यात आत्ताचं रीडिंग कमी आलंय. दुसऱ्यात गेले काही तास, कदाचित कालपासून, रीडिंग कमीच येत राहिलंय. धार पुन्हा आठव. बीपी त्या पातळीवरून वाहतंय. ‘शुगर्स आर रनिंग हाय’ हेही तसंच. एकदा साखर वाढलेली दिसली तर कुणी असं म्हणत नाही, चार्टवर सलग वाढलेली दिसली की म्हणतात. हे वाक्य ऐकल्यावर चांगली नर्स काय करते? मागची रीडिंग्ज उघडते. नुसता अर्थ पाठ असलेली बाई पुन्हा एकदा ग्लुकोमीटर लावून मोकळी होते. ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप आहे, हे तू ऐकलं असशील. त्याचंही मूळ इथलंच. आणि ‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यात मधुमेह आहे, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेला. पेशंटची हिस्टरी घेताना रोजच ऐकू येणारं वाक्य आहे हे.

आयसीयूला बदली झालीस तर मॉनिटरकडे बोट दाखवून कुणी ‘अ रन ऑफ व्हीटी’ म्हणेल. तिथे ‘रन’ नाम आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून निघालेले, बिघडलेले ठोके तीन किंवा त्याहून जास्त सलग येऊन गेले, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘कोण धावलं?’ असा विचार मनात यायलाही वेळ नसतो, म्हणून आत्ताच ऐकून ठेव. सलगपणा टाक्यांतही आहे. जखमेला न तोडता एकाच दोऱ्याने घातलेले टाके म्हणजे ‘रनिंग सूचर’. शिवणकामात आपण त्याला धावदोरा म्हणतो, तुझ्या आईला विचार. इनटेक-आउटपुट चार्टवरचं ‘रनिंग टोटल’ म्हणजे तासातासाला पुढे ओढत नेलेली बेरीज.

धार आटते तेव्हा इंग्रजीत ‘रन आउट’ होतं. ‘वी हॅव रन आउट ऑफ ट्वेंटी-गेज कॅन्युला’ म्हणजे शिरेत घालायच्या त्या मापाच्या नळ्या संपल्या. ‘वी आर रनिंग लो ऑन इन्सुलिन’ म्हणजे संपत आलंय, इंडेंट (मागणीपत्रक) भर. इथे काळजी घे. बीपी ‘रनिंग लो’ आणि इन्सुलिनचा साठा ‘रनिंग लो’ यांत शब्द तेच आहेत, पण ‘ऑन’ आल्याबरोबर गोष्ट कपाटाची होते.

बाकीचे भराभर सांगते. ‘रन इट बाय सर’ म्हणजे आधी सरांच्या कानावर घाल. ‘ओटी इज रनिंग लेट’ म्हणजे ऑपरेशनांची लिस्ट मागे पडलीय, पेशंटला उपाशी ठेवलंय तर नातेवाइकांना सांगावं लागेल. ‘रन थ्रू द लिस्ट’ म्हणजे यादीवरून एकदा नजर फिरव. पेशंट ‘रन-डाउन’ वाटतोय म्हणजे थकलाय, अंगात त्राण नाही. निवडणुकीला उभं राहणं, जाहिरात छापणं, हद्द आखणं, स्टॉकिंगची वीण सुटणं हे तुझ्या वहीतले अर्थ खरे आहेत, पण वॉर्डात ते तुला भेटणार नाहीत. भेटतील तेव्हा त्यांच्या संगतीवरून कळतील. आज त्यांच्यासाठी झोप मोडू नकोस.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. ‘रन धिस ओव्हर फोर अवर्स.’ तुझी गफलत मुळात ‘रन’मध्ये झालेलीच नाही. ‘सलाईन लावायचंय’ हे तुला बरोबर कळलं होतं. तुला अडवलं ‘ओव्हर’ने. तो दुसरा सोपा शब्द. ‘ओव्हर’ म्हणजे संपलं, हे आपण मॅच ओव्हर, ड्यूटी ओव्हर अशा बोलण्यातून शिकलो. चार तास ओव्हर, म्हणजे चार तास संपल्यावर. असा तुझ्या मनाने हिशेब केला आणि त्यात तर्क होता. पण काळाच्या मापाआधी ‘ओव्हर’ येतं तेव्हा त्याचा अर्थ होतो तेवढ्या काळात पसरून. बाटली आत्ता लावायची आणि ती चार तासांत संथपणे संपली पाहिजे. चार तासांनंतर लावायची असती तर ते ‘आफ्टर फोर अवर्स’ किंवा ‘इन फोर अवर्स’ म्हणाले असते. हा ‘इन’सुद्धा फसवा आहे. आपण ‘चार तासांत’ म्हणू तिथे इंग्रजी माणूस पुष्कळदा ‘चार तासांनी’ असा अर्थ घेतो. त्यामुळे स्वतः बोलताना सलाईनच्या बाबतीत ‘इन’ वापरू नकोस, ‘ओव्हर’च वापर.

शेजारच्या कॅज्युअल्टीत हेच दोन शब्द एकत्र येतात तेव्हा काय होतं तेही बघ. ‘ही वॉज रन ओव्हर बाय अ ट्रक.’ अंगावरून ट्रक गेला. तिथे ‘रन’ आणि ‘ओव्हर’ एकमेकांना बांधलेले आहेत आणि बोलताना ‘ओव्हर’वर जोर येतो. सरांच्या वाक्यात ‘ओव्हर’ पुढच्या ‘फोर अवर्स’ला बांधलेलं होतं, त्याच्यावर जोर नव्हता, जोर ‘फोर’वर होता. हा फरक कानाला कळतो, डिक्शनरीच्या पानावर दिसत नाही. म्हणून ऐकताना क्रियापदापाशी थांबू नकोस, त्याच्या मागेपुढे कोण आहे ते पकड.

पण सिस्टर, कान कितीही तयार झाला तरी वॉर्डात त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवायची नसते. मी तुला देते त्या सल्ल्यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा समज. तोंडी ऑर्डर मिळाली की ती आकड्यांत परत म्हणून दाखवायची. सर म्हणाले, ‘रन धिस ओव्हर फोर अवर्स’, की तू तिथेच म्हणायचं, ‘फाइव्ह हंड्रेड एमएल एनएस, स्टार्टिंग नाऊ, वन ट्वेंटी-फाइव्ह एमएल पर अवर, सर?’ या एका वाक्यात सगळं आलं. बाटली कोणती, कधी सुरू, किती वेगाने. ५०० मिली चार तासांत म्हणजे ताशी १२५ मिली. तुमच्याकडचा सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना एक मिली देणारा असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हाच हिशेब आठ तासांचा असता तर २१. हे गणित तुला झोपेतही येतं. मग जिथे शब्दाचा भरवसा नाही तिथे गणिताने बोल. चुकून तुझ्या मनात ‘चार तासांनंतर’ असलंच, तर ‘स्टार्टिंग नाऊ’पाशी तुझी जीभ अडखळेल आणि तिथल्या तिथे उलगडा होईल.

हे शब्द मी कमकुवत इंग्रजीवरचा उतारा म्हणून देत नाही. ऑर्डर परत म्हणून दाखवणं ही उत्तम इंग्रजी असलेल्या नर्सनाही घालून दिलेली शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णांच्या सुरक्षेसाठी नऊ उपाय पुढे ठेवले. त्यांत सारखी दिसणारी आणि सारखी ऐकू येणारी औषधांची नावं, हातातून हातात पेशंट सोपवतानाचा संवाद, पोटॅशियमसारखी तीव्र द्रावणं हे सगळं आहे. त्यांतल्या कित्येकांमागे ही जाणीव आहे की हॉस्पिटलात ऐकण्या-समजण्यातल्या चुकीने माणसं दगावतात. त्या ऐकण्यात बाई कोणत्या माध्यमातून शिकली हा मुद्दा नाही. पहाटे चारला, मागून मॉनिटर वाजत असताना, मास्कमधून आलेलं वाक्य कुणालाही चुकीचं ऐकू येतं.

त्यामुळे सीनिअर सिस्टरांचं बोलणं मला पटलेलं नाही. त्यांनी बाटली वेळेत पाहिली, हे त्यांचं काम चोख झालं. पण चारचौघांत ‘एवढं साधं कळत नाही?’ म्हटल्याने एकच होतं, पुढच्या वेळी मुलगी विचारायची थांबते. आणि न विचारणारी नर्स ही चुकीचं इंग्रजी बोलणाऱ्या नर्सपेक्षा कितीतरी धोक्याची. तुझ्या बाजूनेही एक बोलायला हवं. शंका तुला त्या क्षणी आली होती, नाहीतर तू बाटली ट्रेमध्ये ठेवून घुटमळली नसतीस, सरळ कपाटात ठेवली असतीस. ती शंका तू गिळलीस. तेवढं बदल. सर पुढच्या खाटेकडे वळले असले तरी हाक मार. ‘सर, जस्ट टू कन्फर्म’ एवढे चार शब्द तोंडात बसव. तुझ्या त्या क्षणीच्या लाजेपेक्षा खाटेवरच्या माणसाच्या शिरेत काय जातंय ते मोठं आहे, आणि हे तुला कळतं म्हणूनच तू महिनाभर अस्वस्थ आहेस.

गावाकडे जायचं म्हणतेस. घरच्यांजवळ राहायचं असेल, तिथल्या लोकांसाठी काम करायचं असेल तर अवश्य जा, त्यात मला आनंदच आहे. ‘रन’ कळत नाही म्हणून मात्र जाऊ नकोस. ट्रीटमेंट शीट तालुक्यालाही इंग्रजीतच असतं आणि तिथे तर पुष्कळदा रात्री तुझ्या मागे बघायला सीनिअर सिस्टरही नसतात. छोट्या दवाखान्यातल्या पेशंटला कमी तयारीची नर्स चालते असं कृपा करून मनात आणू नकोस. त्याला तुझी पूर्ण तयारी लागते.

आता वहीचं. ती चार पानं तशीच राहू देत, पाचव्या पानापासून वेगळ्या रीतीने सुरू कर. सुटा शब्द लिहायचा नाही. ड्यूटीवर जे वाक्य जसं कानावर पडलं ते तसंच्या तसं, देवनागरीत लिहिलंस तरी चालेल, आणि त्याखाली ते कुणी, कशाबद्दल म्हटलं ते एका ओळीत मराठीत. पेशंटचं नाव किंवा खाट नंबर मात्र लिहू नकोस. ‘शुगर्स आर रनिंग हाय’ या वाक्याखाली ‘तीन वेळच्या साखरा बघून मॅडम म्हणाल्या’ असं असलं की तुला अर्थ लिहायची गरजच उरत नाही. दिवसाला एखादं वाक्य मिळालं तरी पुष्कळ. आणि ऐकलेलं वाक्य दोन-तीन दिवसांत स्वतः वापरून टाक. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना ही संधी रोज मिळते. ‘बीपी कमी येतंय’ असं तू मराठीत सांगतेस तिथे ‘बीपी हॅज बीन रनिंग लो सिन्स मॉर्निंग’ म्हण. वापरलेलं विसरत नाही. केरळच्या त्या मैत्रिणीशी अदलाबदल कर. तुझ्याकडून तिला ‘डोळा लागला’, तिच्याकडून तुला तिने आधी कुठे नोकरी केली असेल तिथली इंग्रजी वाक्यं. दोघींचंही भलं होईल.

डिक्शनरी जाडजूड घेऊ नकोस. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठीचे कोश वेगळे आणि बाहेरून शिकणाऱ्यांसाठी केलेले वेगळे. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शब्द कुणाबरोबर, कोणत्या रचनेत येतो हे सांगणारा कोश विद्यार्थ्यांना हवा, हे त्यांना तिथे उमगलं आणि त्यातून १९४२ साली जो कोश निघाला, तोच पुढे ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश झाला. तो, लाँगमनचा किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश, यांतला कोणताही चालेल. तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात, त्यामुळे आत्ता पैसे घालवू नकोस. लाँगमनमध्ये अर्थ सांगायला साधारण दोन हजार सोपेच शब्द वापरलेले असतात, म्हणून सुरुवातीला तो बरा. शोधताना नुसतं ‘रन’ टाकू नकोस, नाहीतर पुन्हा तीच न संपणारी रांग समोर येईल. ‘रन अ टेम्परेचर’, ‘रन आउट ऑफ’, ‘रन ओव्हर’ असे जोडीने शोध. आधी उदाहरणाचं वाक्य वाच, मग वर जाऊन अर्थ वाच. शेजारी स्पीकरचं चित्र असेल तिथे दाबून उच्चार ऐक आणि जोर कुठल्या शब्दावर पडतोय ते पेन्सिलीने वहीत खूण करून ठेव.

तुझी,
ताई